रामसेस या नावात 'राम' आहे का? एका फॅरोच्या नावाचा प्रवास

सांजवारा

इजिप्तच्या रामसेस राजांचं नाव आपल्या 'राम' वरून आलं असा एक मेसेज मराठी ग्रुपांवर बरीच वर्षं फिरतोय, कधी त्यात 'रामेश' असतं, कधी 'राम-शेष'. मला हे नाव मनापासून आवडतं, त्याच्यावर जेवढं मिळेल तेवढं वाचत असतो, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर धागा काढू म्हणजे पुढच्या वेळी लिंक देता येईल.

पहिली गोष्ट, नाव कुठे तुटतं ते बघा. आपल्या कानाला ते 'राम + सेस' वाटतं कारण 'राम' आपल्या ओळखीचा. पण इजिप्शियन माणसाला ते 'रा + मेस + सू' असं ऐकू यायचं. रा म्हणजे सूर्यदेव. मेस म्हणजे जन्म देणं. सू म्हणजे 'त्याला'. सगळं मिळून 'ज्याने त्याला जन्म दिला तो रा'. म्हणजे ज्या 'म' वरून आपण राम वाचतो तो 'म' मुळात दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर आहे! राम हा संस्कृतात 'रम्' धातूपासून, तिथे 'म' धातूतच आहे, तो काढला तर शब्दच उरत नाही. इथे 'म' काढला तरी 'रा' पूर्ण शब्द आहे आणि एकटा हजारो ठिकाणी येतो.

दुसरं असं की हाच 'मेस' दुसऱ्या देवांनाही लागतो. थुतमोस म्हणजे थोथ + मेस, अहमोस म्हणजे इआह हा चंद्र + मेस. तिथे देव बदलला, मेस तसाच राहिला. एवढा साधा पुरावा आहे.

आणि चित्रलिपीत हे डोळ्यांना सरळ दिसतं. आधी सूर्याची तबकडी किंवा बसलेला रा, मग कोल्ह्याची तीन कातडी एकत्र बांधल्याचं चिन्ह, ते 'म-स', मग 'स' आणि शेवटी 'स' किंवा 'सू'.

गोदाकाठ

छान धागा. पण मला एक कळत नाही, चित्रलिपीत स्वर लिहीत नाहीत असं वाचलंय. मग 'रामसेस' की 'रिमसास' की 'रोमसूस' हे तुम्ही ठरवलं कसं? व्यंजनं र-म-स-स एवढीच असतील तर मधे काय वाट्टेल ते घालता येईल की.

सांजवारा

गोदाकाठ, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर इजिप्तमधे नाहीच, ते तुर्कस्तानात सापडलं.

बरोबर, चित्रलिपीत स्वर नाहीत. आज आपण 'नेफरतिती', 'रामसेस' म्हणतो त्यातले बरेचसे 'ए' अभ्यासकांनी उच्चार करता यावा म्हणून घातलेत. पण इजिप्तचे राजे बाहेरच्या राजांशी पत्रव्यवहार करायचे तो त्या काळच्या आंतरराष्ट्रीय भाषेत, म्हणजे अक्कदी भाषेत, मातीच्या विटांवर कीलाक्षरी लिपीत. आणि कीलाक्षरीत स्वर लिहावेच लागतात, कारण तिथे प्रत्येक चिन्ह म्हणजे 'रि', 'मा', 'शे' असं अख्खं अक्षर. म्हणजे इजिप्शियन लेखनिकाने जे लपवलं ते परक्या लिपीने उघडं केलं.

हित्ती लोकांची राजधानी हत्तूशा, आजचं बोआझकोय, तिथे ह्यूगो विंकलरने १९०६ मधे खोदकाम सुरू केलं आणि राजवाड्याच्या दप्तरातल्या विटा निघाल्या. त्यात रामसेस दुसरा आणि हित्ती राजा हत्तुसिली तिसरा यांचा तह होता. हा तह रामसेसच्या २१व्या राज्यवर्षातला, इ.स.पू. १२५९ च्या सुमाराचा, हित्तींशी झालेल्या कादेशच्या लढाईनंतर पंधराएक वर्षांनी झालेला. त्याचीच इजिप्शियन प्रत कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर कोरलेली आहे. म्हणजे एकच माणूस, एकच तह, दोन लिप्या. आणि विटेवर त्याचं नाव असं लिहिलंय:

रिआ-माशेशा माइ-अमाना

वाचून बघा मोठ्याने. रामसेस मेरी-आमुन, म्हणजे आमुन देवाचा लाडका रामसेस, हे त्याचं त्याच्या हयातीतलं रूप आहे. त्याच्या दरबारात असंच किंवा याच्या अगदी जवळचं काहीतरी म्हणत असणार. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण तीन हजार वर्षं स्वर गायब असलेल्या नावाला आवाज मिळतो.

निळीशाई

वाचतेय. पण 'माशेशा' मधे श कुठून आला? मूळ स आहे म्हणताय ना.

सांजवारा

निळीशाई, तो लिहिण्याच्या पद्धतीमुळे. त्या भागातल्या कीलाक्षरीत ज्या चिन्हांना आपण आज 'श' म्हणून वाचतो तीच चिन्हं इजिप्शियन 'स' साठी वापरायचे, हित्तींचा स्वतःचा तो वर्णही बहुतेक 'स' सारखाच उच्चारला जायचा. त्यामुळे विटेवर शा दिसला तरी कानावर 'मासेसा' पडायचं असं धरायचं.

पाटीपेन्सिल

वाचनखूण साठवली. एक शंका, रा हा पुरुष देव आहे ना? मग त्याने 'जन्म दिला' कसं?

ओवी_आणि_अभंग

पाटीपेन्सिल, मी भाषाशास्त्राची विद्यार्थिनी आहे, इजिप्शियन थोडी शिकलेय, तर सांगते. 'मेस' हे क्रियापद आईसाठी तर येतंच पण घडवणं, मूर्ती तयार करणं याही अर्थाने येतं. मूर्ती 'घडवली' असं म्हणायला इजिप्शियन लेखात हाच धातू वापरतात. त्यामुळे देवाने राजाला जन्माला घातलं, घडवलं, असा अर्थ घ्यायला काही अडचण नाही.

आणि सांजवारांनी थुतमोस आणि रामसेस एकत्र दिलेत त्यात एक बारीक फरक आहे जो मला फार सुंदर वाटतो. थुतमोस म्हणजे 'थोथ जन्मला', जन्म देवाचा झालाय, बाळाचा उल्लेखच नाही, बाळ ज्या सणाला किंवा ज्या आनंदात जन्मलं त्याचं नाव. रामसेसमधे मात्र शेवटी 'सू' आहे, 'त्याला', म्हणजे बाळ थेट नावात आलं आणि देव त्याचा जन्मदाता झाला. एकच धातू, पण एका शेपटामुळे वाक्याचा कर्ता-कर्म सगळं फिरतं. मोस आणि मेस असा स्वरातला फरक आज आपल्याला दिसतो तोही यातूनच आलाय, दोन्हीकडे धातूचं रूप वेगळं आहे आणि आघात वेगळ्या जागी पडतो. 'मोस' हे ग्रीकांमार्फत आलेलं रूप आहे.

कोरीवलेणी

या नावाशिवाय चित्रलिपी वाचताच आली नसती ही गोष्ट पण यायला हवी धाग्यात.

शाम्पोलियाँ, म्हणजे ज्याने चित्रलिपी सोडवली तो फ्रेंच अभ्यासक. टॉलेमी आणि क्लिओपात्रा ही ग्रीक नावं तोपर्यंत ओळखली गेली होती, पण सगळ्यांना वाटायचं की अक्षरांसारखी चिन्हं फक्त परक्या नावांसाठी वापरली असतील, जुने इजिप्शियन लोक नुसती चित्रांतून कल्पना मांडायचे. १४ सप्टेंबर १८२२ ला त्याच्या हातात ह्युयो नावाच्या वास्तुविशारदाने अबू सिंबेलहून पाठवलेली चित्रं आली. त्यात एक नाव होतं, गोल तबकडी, मग एक अनोळखी चिन्ह, मग दोन स. स त्याला टॉलेमीच्या नावातून माहीत होता. तबकडी म्हणजे सूर्य, आणि शाम्पोलियाँला कॉप्टिक, म्हणजे इजिप्शियन भाषेचं शेवटचं रूप, येत होतं, कॉप्टिकमधे सूर्याला 'रे' म्हणतात. रे... स-स. मधलं चिन्ह रोझेटा शिळेवर (तिच्यावर एकच मजकूर इजिप्शियन आणि ग्रीकमधे आहे) जन्मदिवस या ग्रीक शब्दाच्या जागी येतं, आणि कॉप्टिकमधे जन्म देणं म्हणजे 'मिसे'. झालं! रे-मेस-स. ग्रीक इतिहासकारांनी ज्याचं नाव लिहून ठेवलं होतं तोच राजा. मग लगेच दुसऱ्या चित्रात इबिस पक्षी, म्हणजे थोथ देवाचं चिन्ह, आणि तेच मधलं चिन्ह, थोथ-मेस. तो धावत भावाच्या कचेरीत गेला, 'जमलं' म्हणून ओरडला आणि बेशुद्ध पडला असं सांगतात. २७ सप्टेंबरला पॅरिसच्या अकादमीत त्याचं प्रसिद्ध पत्र वाचलं गेलं, पण त्यात मुख्यतः ग्रीक-रोमन काळातली नावं होती, फॅरोंच्या नावांचा पूर्ण पसारा त्याने १८२४ च्या पुस्तकात मांडला.

म्हणजे शब्द नीट तोडला म्हणून लिपी सुटली. 'राम' असा तोडला असता तर शाम्पोलियाँ तिथेच अडकला असता.

अवांतर: राजाचं नाव ज्या लंबगोल चौकटीत लिहितात तिला कार्टूश म्हणतात, हे नेपोलियनच्या फ्रेंच सैनिकांनी दिलेलं नाव, त्यांना ती चौकट बंदुकीच्या कार्टूशसारखी दिसली. आपला 'काडतूस' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला तोही त्याच घराण्यातला. त्यामुळे राजाचं नाव काडतुसात लिहिलंय असं मराठीत म्हटलं तर ते शब्दशः खरं आहे.

गोदाकाठ

काडतूस! हे माहीत नव्हतं, भारी. बरं मग तो बायबलातला मोझेस? त्याच्यातही मेस आहे असं ऐकलंय.

ओवी_आणि_अभंग

मोशे हे मोझेसचं हिब्रू नाव याच 'मेस' वरून आलं असावं असं बरेच अभ्यासक मानतात, पण एक अडचण आहे ती लपवू नये. हिब्रू बायबलात रामसेस हे नाव शहराचं नाव म्हणून येतं, निर्गमच्या पहिल्या अध्यायात पिथोम आणि रामसेस ही गोदामांची शहरं. हे म्हणजे पी-रामसेस, 'रामसेसचं घर', नाईलच्या पूर्व त्रिभुज प्रदेशातली त्याची राजधानी, आजच्या कंतीरजवळ. तिथे 'स' साठी हिब्रूत सामेख हे अक्षर आहे. मोशेमधे मात्र शिन आहे, म्हणजे श. एकाच इजिप्शियन 'स' साठी दोन वेगळी अक्षरं का, यावर वाद आहे. कुणी म्हणतं मोशे हे नाव फार आधी हिब्रूत गेलं, कुणी म्हणतं हिब्रू 'मशा' म्हणजे बाहेर काढणं या क्रियापदाशी जुळवून घेताना बदललं.

पण हिब्रू रूपाचं एक मोल आहे. त्यात 'रा' नंतर अयिन आहे, घशातून येणारं व्यंजन. इजिप्शियनमधे रा मधे ते आहेच, ग्रीकांना ते म्हणता येत नव्हतं म्हणून त्यांनी सोडलं. म्हणजे स्वर विटांनी जपले आणि घशातलं व्यंजन हिब्रूने.

जे लोक रा आणि 'रवि' जोडतात त्यांनाही हेच सांगायचंय. रवि मधे व आहे, रा मधे अयिन आहे, दोघांत समान उरतो फक्त र. एका अक्षरावर नातं लागत नाही.

वाटसरू_जुना

थोडं मागे जाऊ. रामसेस हे राजाचं नाव म्हणून आलं कुठून हे कुणी लिहिलं नाही. ते राजघराण्यातलं नाव नव्हतंच!

होरेमहेब राजाला वारस नव्हता, त्याचा वजीर होता परामेसू, पूर्व त्रिभुज प्रदेशातल्या लष्करी घरातला, बाप सेती हा सैन्यातला अधिकारी. कर्नाकला त्याचे लेखनिकासारखे मांडी घालून बसलेले पुतळे सापडलेत, त्यांवर परामेसू हेच नाव आहे. यातला 'पा' हे बोलीभाषेतलं दर्शक आहे, 'तो रा' असं. जुन्या शास्त्रशुद्ध इजिप्शियनमधे असं काही लावत नसत, ते रोजच्या बोलण्यात आलं होतं. इ.स.पू. १२९२ च्या सुमारास हा परामेसू राजा झाला आणि राजा होताच 'पा' गळाला, रामेसू उरलं, तोच रामसेस पहिला. म्हणजे सैनिकाच्या घरातलं बोलीतलं नाव सिंहासनावर बसताना शुद्ध करून घेतलं. दोन वर्षंही राज्य केलं नाही त्याने, पण नातवाने ६६ वर्षं केलं आणि एकूण अकरा राजे याच नावाने मोजले जातात. विसाव्या घराण्यात तर जवळपास प्रत्येकाला हेच नाव हवं होतं.

माझ्या मते या सगळ्या धाग्यातला सगळ्यात मानवी भाग हा आहे. मेसेज फॉरवर्ड करणाऱ्याला देवाचं नाव हवं असतं, पण खरी गोष्ट एका फौजी कुटुंबाची आहे.

निळीशाई

वाटसरू, खूप आवडलं हे. ग्रीकांनी काय केलं या नावाचं?

ओवी_आणि_अभंग

ग्रीकांनी बरंच केलं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस म्हणतो राम्प्सिनितोस, खजिन्याच्या चोराची त्याची प्रसिद्ध गोष्ट आहे त्यातला राजा. मनेथो हा इजिप्शियन पुजारी इ.स.पू. तिसऱ्या शतकात ग्रीकमधे राजांची यादी लिहितो, ती जोसेफस या ज्यू इतिहासकाराने उतरवून घेतली, त्यात राम्प्सेस पण आहे.

हा 'प' कुठून आला? मूळ नावात तो कुठेच नाही. म वरून स वर जाताना ओठ उघडायच्या आधीच नाक बंद झालं की मधे आपोआप प ऐकू येतो. मराठीत याचीच भावंडं आहेत, आम्र चा आंबा, ताम्र चं तांबं. म आणि र च्या मधे ब घुसला आणि पुढे र गेला, ब राहिला. ग्रीकांच्या तोंडात म आणि स च्या मधे प घुसला. आंब्यातला ब आणि राम्प्सेसमधला प एकाच कारणाने जन्मले.

आता जोसेफसच्याच यादीतली माझी सगळ्यात लाडकी नोंद: 'हार्मेसेस मिआमून, ६६ वर्षं २ महिने'. ६६ वर्षं म्हणजे हा रामसेस दुसराच. आणि 'मिआमून' बघा! मनेथोच्या हजारेक वर्षं आधी विटेवर 'माइ-अमाना' होतं. मेरी चा र गळून माइ झालं ते तसंच राहिलं, पण अमाना चं आमून झालं. इजिप्शियनमधे दीर्घ आ पुढे ओ झाला आणि न-म शेजारी ऊ झाला, कॉप्टिकमधेही देवाचं नाव आमूनच आहे. हा ध्वनिबदल पुस्तकात नियम म्हणून शिकवतात, इथे एकाच राजाच्या एकाच पदवीत त्याची आधीची आणि नंतरची दोन्ही रूपं हाताला लागतात.

कोरीवलेणी

इंग्रज कवी शेलीच्या कवितेतला ओझिमँडियस राहिला ना. तोही हाच राजा.

सांजवारा

हो, तेच लिहायला आलो. फॅरोला पाच नावं असायची, त्यातली दोन चौकटीत. एक जन्मनाव, रामसेस. दुसरं राज्याभिषेकाचं, ते याचं होतं युसेर-मात-रे, पुढे सेतेप-एन-रे जोडलं. रा ची मात, म्हणजे सत्य आणि ऋत, बलवान आहे; रा ने निवडलेला. परदेशी दरबारात हे राज्याभिषेकाचं नावही चालायचं. आपण इतिहासात जन्मनावाला क्रमांक लावतो, रामसेस दुसरा, तसं तेव्हा कुणीच म्हणत नव्हतं.

या नावाची लिहिण्याची पद्धत मजेदार आहे. चौकटीत सूर्य सगळ्यात आधी कोरतात पण वाचताना तो शेवटी येतो. लग्नपत्रिकेत मजकूर काहीही असो, वर श्रीगणेशाय नमः असतंच, तसा देवाला मान म्हणून आधी जागा. मग वाचताना शेवटी घ्यायचा हे सिद्ध कशावरून? पुन्हा विटांवरून. विटेवर आहे 'वाश्मुआरिआ शातेप्नारिआ'. रिआ दोन्हीकडे शेवटी! युसेर चा शेवटचा र बोलण्यातून कधीच गेला होता, नुसतं 'वास' उरलं, मात चा त गेला आणि 'मुआ' उरलं. हा मुआ योगायोग नाही, कारण तहाच्या त्याच विटेवर रामसेसच्या बापाचं, सेतीचं नाव आहे मिन्मुआरिआ, म्हणजे मेन-मात-रे. आणि त्याच्याही आधी आमेनहोतेप तिसऱ्याचं निब्मुआरिआ, म्हणजे नेब-मात-रे. तीन राजे, तीन नावं, तिन्हीकडे मात = मुआ. आजोबाचंही आहे, मिन्पह्तारिआ, मेन-पेहती-रे, म्हणजे वाटसरूंचा तो परामेसू.

राणीचं पण सांगतो. नेफरतारीने हित्ती राणी पुदुहेपाला पत्र लिहिलंय, त्यात तिचं नाव नप्तेरा असं आहे. नेफर चा र इथेही गायब, कॉप्टिकमधे पण 'चांगला' म्हणजे नूफे, र नाहीच.

तर हा वाश्मुआरिआ ग्रीक तोंडात ओसिमंदिआस झाला, ग्रीक इतिहासकार दिओदोरसने इ.स.पू. पहिल्या शतकात थीब्जमधल्या ओसिमंदिआसच्या भव्य स्मारकाचं वर्णन केलंय, ती इमारत म्हणजे रामेसियम. तिथून शेलीच्या कवितेत. कविता छापली १८१८ मधे, लिपी सुटली १८२२ मधे. म्हणजे शेलीला हा रामसेस आहे हे कळायची सोयच नव्हती, आणि आज कविता पाठ असलेल्या पुष्कळांनाही ते कळलेलं नसतं.

पाटीपेन्सिल

मग भारताचा काहीच संबंध नाही म्हणायचा का? जरा हिरमोड झाला खरं सांगायचं तर.

वाटसरू_जुना

हिरमोड करून घेऊ नका, खरा संबंध आहे आणि तो फॉरवर्डपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. आमेनहोतेप तिसऱ्याला निब्मुआरिआ म्हणून पत्रं लिहिणाऱ्यांत मितन्नीचा राजा होता, आजच्या उत्तर सीरियातला. त्याचं नाव तुश्रत्त. हे वैदिक 'त्वेषरथ', ज्याचा रथ झळाळत धावतो तो. त्याच घराण्यातला दुसरा राजा अर्ततम, यात आपला 'ऋत' आहे. ही पत्रं १८८७ मधे इजिप्तमधे अमार्नाला सापडली. आणि ज्या हत्तूशाच्या दप्तरात रामसेसचं नाव सापडलं त्याच दप्तरात हित्ती आणि मितन्नी यांचा इ.स.पू. चौदाव्या शतकातला तह आहे, त्यात साक्षीला मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या देवांना बोलावलंय!

म्हणजे आपल्या ओळखीची नावं तिथे आहेत, पण ती फॅरोची नाहीत, फॅरोला पत्र लिहिणाऱ्याची आहेत. आमेनहोतेपच्या नावाचे स्वर आपल्यापर्यंत पोचवणाऱ्यांत एक त्वेषरथ होता, हे मला राम-शेष पेक्षा हजार पटीने अभिमानाचं वाटतं.

पाटीपेन्सिल

वा! हे आता मीच ग्रुपवर टाकते.

निळीशाई

शेवटचा प्रश्न, मराठीत लिहायचं कसं? रामसेस, रॅमसिस, रामेसेस, सगळं दिसतं.

सांजवारा

रॅमसिस हे इंग्रजी उच्चारावरून आलं, ते नको असं मला ठामपणे वाटतं, 'रा' मधला आ आपल्याकडे जसाच्या तसा असताना तो ॲ का करायचा. मी रामसेस लिहितो कारण वाचकांना ते सापडतं. पण लेखात पहिल्यांदा येईल तिथे 'रा-मेस-सू' असं तोडून एकदा द्यावं, म्हणजे फोड कुठे आहे ते वाचकाला दिसेल आणि राम चा गोंधळ तिथेच थांबेल.

ओवी_आणि_अभंग

+१, तोडून द्यावंच. आणि ज्यांना वाटतं ही भाषा मेली त्यांच्यासाठी: कॉप्टिक पंचांगात बारावा महिना आहे मेसोरे, साधारण ७ ऑगस्टला सुरू होतो. फोड करा, मेस + रे, 'रा चा जन्म'. रामसेसमधलेच दोन शब्द, फक्त क्रम उलटा. कॉप्टिक चर्च तो महिना आजही पाळतं आणि अरबी बोलणारे इजिप्तचे शेतकरी त्याला मिसरा म्हणतात.

गोदाकाठ

मिसरा! मग थोथच्या नावाचाही महिना असेल?

ओवी_आणि_अभंग

आहे, थूत, वर्षाचा पहिलाच, ११ सप्टेंबरला सुरू होतो. बाकीच्या महिन्यांवर वेगळा धागा काढते, त्यात आमेनहोतेपचं नाव लागलेला एक महिना पण आहे.